खासगी खिडकीतली बाई

गुपित ठेवावं तर एबेर्तोनं, म्हणजे मी! अख्ख्या बारांकिया शहरात माझ्याएवढा सावध माणूस सापडायचा नाही. माझ्या लेकीला, मारेल्विसला, पंधरावं लागणार होतं; मुलीचं पंधरावं म्हणजे इथे लग्नाएवढा समारंभ. त्या समारंभात मुलीचा पहिला नाच बापाबरोबर असतो. आमच्याकडे पाळण्यातली पोरंही ठेक्यात नाचतात. मी नाचलो की शॉक बसल्यासारखा दिसतो! म्हणून चोरून शिकायचं ठरवलं. खोलीचं दार लावलं, ब्राउझरची खासगी खिडकी उघडली. बंद केली की मागे काही उरत नाही!

व्हिडिओतली बाई शिकवू लागली, पण आवाजच येईना. मी वाढवला. अजून वाढवला.

कम्प्युटर अंगणातल्या भल्यामोठ्या स्पीकरला जोडलेला होता! तिथे बायको यादिरा, सासूबाई आणि निम्मी गल्ली समारंभाची भात-मांसाची पास्तेलं केळीच्या पानात बांधत बसली होती. त्यांच्या डोक्यावर गडगडाट झाला, "आणखी जवळ या! कंबर घट्ट धरा! अहो, लाजता काय?"

दारावर धाडधाड! मी घाबरून ब्राउझरची खिडकीच बंद केली आणि दार उघडलं.

"आत कोण बाई आहे?" यादिरा थेट पलंगाखाली वाकली. मेव्हणा विल्फ्रिदो कपाटात शिरला.

"अगं, नाच शिकत होतो! कम्प्युटरवर!"

"दाखव!"

व्हिडिओची नोंद शोधून शोधून दमलो. काही म्हणजे काही नाही!

"सगळं पुसलंय!" यादिरा कडाडली. "सज्जन माणसाच्या कम्प्युटरवर फुटबॉलचा स्कोअर तरी असतो! कुठे गेली ती?"

"मी खिडकी बंद केली, तशी गेली!"

झालं! सगळे खऱ्या खिडकीकडे धावले. शेजारीण बाहेरून ओरडली, "आत्ताच एक बाई पळताना दिसली!" ती बिचारी बस गाठत होती. विल्फ्रिदो तिच्या मागे सुटला!

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, शिकत होतात ना? मग नाचा."

नाचलो. डावा पाय उजव्यात, उजवा खुर्चीत, हात पंख्याच्या दिशेला. शेजारणीनं छातीवर क्रूस काढला.

सासूबाईंनी पदरासारखा ॲप्रन तोंडाला लावला. "यादिरे, सोड त्याला. ह्याच्या इतक्या जवळ कुठली बाई टिकतेय!"

निर्दोष सुटलो! तेवढ्यात दारात उभ्या मारेल्विसनं येऊन मला मिठी मारली.

"पप्पा, माझ्यासाठी एवढं केलंस?"

माझे डोळे भरून आले.

"मग अजून एक कर ना," ती लाडात म्हणाली. "पहिला नाच मी विल्फ्रिदोमामाबरोबर करते. तू केक धर."