शिवलिंगप्पांची नळीमाशी

शिवलिंगप्पा समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलत नसत, केसांकडे बघून बोलत. लग्नानंतर मी बायकोला घेऊन त्यांच्या पाया पडायला गेलो, तर आशीर्वाद द्यायचा सोडून ते म्हणाले, "केस लई मऊ हायत की. चार मिळतील का?" बायको पदर घट्ट आवळून घरी पळाली आणि महिनाभर मला विचारत राहिली, की शेजारी असले आहेत हे लग्नाआधी का नाही सांगितलं.

अप्पा गिरणीच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. अशा माणसाला मासे फसवायच्या केसापिसांच्या खोट्या माशा बांधायचं वेड लागलं. फार पूर्वी गिरणीत माग बसवायला एक परदेशी साहेब आला होता. तो रविवारी हिप्परग्याच्या तलावावर मासे धरी. जाताना त्यानं अप्पांना एक माशी दिली, ती वर्षानुवर्षं खणात पडून राहिली. गौरव्वा, म्हणजे त्यांची बायको, गेल्यावर अप्पांनी ती काढली, सोडवून पाहिली, आणि परत तशी बांधता येईना म्हणून हट्टाला पेटले.

तिला ते नळीमाशी म्हणत. पेनातल्या संपलेल्या रिफिलचा दोन पेरांएवढा तुकडा कापायचा, रॉकेलनं शाई धुवायची आणि ती नळी दाभणावर चढवायची. मग भोवती केस पसरून चादरीच्या सुतानं आवळायचे, तोंडाशी एखादं पीस. पुढं नळीतून दोरी ओवायची आणि टोकाला गळ बांधायचा. "गळ दोरीचा, मास्तर. माशी आपली नुसती नटून बसती," ते मला समजावत, आणि समजावता समजावता माझ्या खिशातलं पेन हलवून बघत. रोज दोनदा.

बोकडाच्या शेपटीचे केस त्यांनी मिळवले, कोंबड्याचं पीस चोचीचे टोचे खाऊन मिळवलं. एका लग्नात बँडमास्तरच्या टोपीवरचा तुरा त्यांना दिसला आणि ते जेवणाच्या पंगतीतून उठले. मुलीकडच्यांना वाटलं, वरपक्षाचं कोणी रुसून निघालं. त्यांनी अप्पांना हातापाया पडून दोनदा परत पाटावर बसवलं. तिसऱ्यांदा अप्पा सापडले नाहीत, तुराही सापडला नाही.

गल्लीत कुजबुज सुरू झाली की लिंगायताच्या घरी मासे शिजतात. समाजातले दोन वडीलधारे तपासणीला आले. भांड्यांवरची झाकणं उचलली, तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मग त्यांनी चहाचा डबा उघडला. आत लाल-पिवळ्या सुतानं बांधलेले केसांचे झुबके. दोघांना करणीची शंका आली आणि चपला हातात घेऊन ते बाहेर पडले. करणीपेक्षा मासे बरे, असं त्यांचं मत पडलं.

पण आठ महिन्यांत एकाही माशानं माशीला तोंड लावलं नव्हतं. अप्पा वाळत चालले होते. "एकदा, मास्तर. एकदा मरळीनं धरली पाहिजे, बास," ते म्हणत. तेव्हा मात्र ते माझ्या डोळ्यांकडे बघत.

शेवटी माझ्या बायकोनंच चार केस काढून दिले. त्या रविवारी मीही हिप्परग्याला गेलो. दुपारपर्यंत काही नाही. मग पाण्यात धप्पकन आवाज झाला, काठी वाकली, दोरी ताणली. अप्पा उभे राहिले.

"ओढतीय," ते हळूच म्हणाले. "मास्तर, ओढतीय की."

दोरी सैल पडली. मी हळहळलो, पण अप्पांचा चेहरा उजळला होता. त्यांनी दोरी आत घेतली. टोकाला माशी अडकेल एवढी नुसती गाठ होती.

"अप्पा, गळ कुठाय?"

"गळ कशाला? मला काय खायचं हाय?"

"मग आठ महिने ही खटपट कशासाठी?"

ते माशीचे ओले केस बोटानं सारखे करत राहिले. "बाजारात मी कुटं बोलत थांबलो, की गौरव्वा मागनं बाही ओढायची. नडीरी म्हणायची, चला आता. मी लई चिडायचो. दीड वर्ष झालं. कुणी ओढलं न्हाई."

आठ महिने या माणसाला हसलो, याची मला लाज वाटली. एस.टी.ची वेळ झाली तरी अप्पा पाण्याकडे बघत बसलेलेच. मग मी मागून त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि चांगली जोरात ओढली.

"नडीरी, अप्पा."

ते दचकले, चिडले, कानडीत मला काहीतरी बोलले, आणि उठून माझ्यामागोमाग चालू लागले.