साध्या कपड्यातला पाव्हणा

"पोरगं तेरा वर्षाचं हाय," साहेबांनी शिपाई अमरनाथला सकाळीच बजावलं. "ठाण्यात आणायचं न्हाई. त्याच्या घरी जा, वर्दी घालू नको आन् आईबापासमोरच इचार. दमदाटी केलीस तर कायदा तुझ्याच मागं लागंल, आन् मी तुझी बदली करून पार किनवटच्या जंगलात धाडीन."

भानगड अशी की अर्धापूरजवळच्या त्या गावात ग्रामपंचायतीनं खांबावर नवाकोरा कॅमेरा बसवला होता आणि देविदासच्या गोलूनं तो गलोलीनं फोडला होता. पुराव्याची ददात नव्हती. कॅमेऱ्यानं शेवटचं टिपलं ते एक डोळा मिटून नेम धरणाऱ्या गोलूचं तोंडच होतं.

आता साधे कपडे म्हणजे कोणते? अमरनाथनं मावसभावाच्या लग्नातला आकाशी शर्ट काढून कडक इस्त्री केली. पोरगं घाबरू नये म्हणून खाऊ न्यावा, तर केळीच्या बागांतच वाढलेल्या अर्धापूरच्या पोराला काय केळी द्यायची? म्हणून पेढ्यांचा पुडा घेतला. पायात मात्र सवयीनं पोलिसातले तांबडे बूटच चढवले.

देविदासच्या अंगणात सडा टाकलेला, ओसरीत नवी सतरंजी. पोलीस यायचा म्हणून एवढी तयारी बघून अमरनाथला भरूनच आलं.

"या, या पाव्हणे! एकलेच आलाव?" देविदास सामोरा आला.

"हाव, एकट्यालाच पाठवलं."

"बरं केलं. ही आमची माय केवळाबाई, ही गोलूची आई कावेरी, आन् ह्यो गोलू."

गोलूची नजर आधी बुटांवर गेली. तो गुपचूप आईच्या पाठीमागं सरकला.

त्या दिवशी गोलूच्या थोरल्या बहिणीला, पुनमला बघायला किल्लारीचा मुलगा यायचा होता. तरणाताठा, इस्त्रीतला पोरगा पेढे घेऊन दारात उभा म्हटल्यावर देविदासनं दुसरं काय समजावं?

"नोकरी कुठं म्हणालाव?" केवळाबाईनं सुरुवात केली.

"पोलिसात."

"अगं बया! मध्यस्थ तर साखर कारखान्यात म्हणला होता."

"असंना का माय, हे तर त्याच्याहून झ्याक हाय," देविदास खुशीत म्हणाला.

मध्यस्थ म्हटल्याबरोबर अमरनाथच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, मी त्यासाठी..." म्हणून तो उठणार, तोच पुनम पाण्याचा तांब्या घेऊन आली. झालं! त्याची बोबडी वळली आणि तो पुन्हा खाली बसला.

मग सरबत्ती सुरू झाली. जमीन किती? बागायत का कोरडवाहू? भाऊ किती, वेगळं राहतात का एकात? तंबाखू खाता? "दाखवा बरं दात," केवळाबाई म्हणाली आणि अमरनाथनं मुकाट्यानं दात दाखवले. भल्याभल्या चोरांना घाम फोडणारा गडी, पण शर्ट पाठीला चिकटला.

"ह्याच्या आधी कुठं जमलं होतं का?" कावेरीनं विचारलं.

जमलं होतं. मोडलंही होतं. त्यानं मान खाली घातली. सगळे त्याच्याकडं टक लावून बघू लागले.

गोलूला आता राहवेना. तो आईच्या आडून म्हणाला, "काका, बोलायचं नसलं तर गप बसायचा हक्क असतोय. शाळंत वकीलबाई सांगून गेल्यात. आन् तुमचे आईबाप कुठं हायत? त्यांच्याबिगर इचारपूस करता येत न्हाई."

"लेकरू खरंच म्हणतंय की!" केवळाबाई गालाला हात लावून म्हणाली. "सोयरीक जमवायला एकटाच कसा आला ह्यो?"

पुनमला हसू आवरेना. अमरनाथनं घाम पुसला आणि एका दमात सांगून टाकलं, "मी किल्लारीचा न्हाई. ठाण्यातून आलोय. कॅमेरा फोडला, त्याची चौकशी करायला."

देविदास ताडकन उठला आणि त्यानं गोलूवर हात उगारला. अमरनाथ मधे पडला.

"मारायचं न्हाई. गोलू, सांगायचं असलं तरच सांग. का फोडलास?"

गोलूनं बहिणीकडं बघितलं. तिनं नजर खाली केली.

"त्यो रस्त्याकडं न्हवता बघत. आमच्या न्हाणीकडं बघून राहिला होता. वर पत्रा न्हाई आमच्या न्हाणीला. अक्का पहाटं अंधारातच अंगूळ उरकायची. ग्रामसेवकाला सांगितलं, तर त्यो हसला."

देविदासचा हात तसाच खाली आला. "मला का न्हाई सांगितलंस गं?" त्यानं पुनमला विचारलं. अमरनाथ न्हाणीपाशी गेला, उभा राहून खांबाकडं बघून आला आणि त्यानं जबाब लिहून घेतला. ग्रामसेवक हसला, हेही त्यात लिहिलं. पेढे गोलूला देऊन तो निघाला.

साहेबांनी गोलूला समज देऊन सोडलं. ग्रामसेवकाला मात्र असं झापलं की नवा कॅमेरा रस्त्याकडं तोंड करूनच लागला. किल्लारीचा मुलगा काही आलाच नाही. त्याचं दुसरीकडं जमलं म्हणे.

पुढच्या रविवारी अमरनाथ पुन्हा दारात हजर. तोच आकाशी शर्ट, हातात पेढे.

देविदास गोलूकडं वळला. "आता काय फोडलंस रे भाड्या?"

गोलूनं बूट बघितले. या वेळी चपला होत्या. मग अमरनाथच्या मागं अवघडून उभे राहिलेले एक म्हातारबा आणि लुगड्यातली एक बाई त्यानं नीट न्याहाळली, आणि घरात तोंड करून ओरडला, "आज्जे, ये! आज आईबाप सोबत हायत. आता इचार काय इचारायचं ते!"