गेंड्याचा गुडघा आणि न ऐकू येणारी किंकाळी

एका जंगलात, मुलांनो, ज्याची कातडी सगळ्यांत जाड त्यालाच सरपंच करायची पद्धत होती. म्हणून धोंडाप्पा गेंडा तहहयात सरपंच होता.

तसा तो उपयोगाचा होता. उन्हाळ्यात काटेरी झुडपं तुडवून पाणवठ्याची वाट तोच पाडायचा. एका वर्षी त्याचा गुडघा सुजला. वाट पडेना. अख्खं जंगल तहानलं.

वैद्य साळिंदरअण्णांनी आपल्याच काट्याची सुई टोचायला घेतली. तीन काटे मोडले. गेंड्याला पत्ताच नाही.

तेव्हा मृण्मयी नावाचं तरुण वटवाघूळ पुढे आलं. ती शिकलेली होती. तिने सांगितलं, की गुडघ्याला पाल्याचा लेप लावायचा आणि वर आपण अतिशय बारीक आवाजात ओरडायचं. तो कुणाला ऐकू येत नाही, पण त्याने कातडी जराशी सैल होते आणि औषध आत झिरपतं.

"आधी सरळ उभी राहा, मग आम्हाला शिकव," अण्णा म्हणाले. ती फांदीला उलटी लटकली होती.

लेप लावून ती ओरडू लागली. सगळे कान टवकारून बसले.

"पोरी, सुरू कर की," धोंडाप्पा म्हणाला.

"केव्हाची ओरडतेय, काका."

आवाज नाही, कळ नाही, मग औषध कसलं, असं म्हणत त्याने गुडघा चिखलात पुसला.

दुसऱ्या दिवशी मृण्मयीने रंगराव गाढवाला आणलं. त्याला शेजारी उभं करून मनसोक्त ओरडायला सांगितलं. स्वतः मुकाट्याने आपलं काम केलं. मुकाट्याने म्हणजे घसा फुटेस्तोवर.

"याला म्हणतात उपचार," अण्णांनी मान डोलावली.

चार दिवसांत सूज उतरली. वाट पडली. सगळे पोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी रंगरावाला शाल देऊन राजवैद्य केलं. व्यासपीठावर उलटं कोण लटकलंय, म्हणून मृण्मयीला हाकललं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरा गुडघा सुजला. रंगराव आठवडाभर एकटाच ओरडला. धोंडाप्पा म्हणत राहिला, गुण येतोय, आवाज खणखणीत आहे. जंगलाच्या जिभा बाहेर आल्या.

शेवटी अण्णा चोरून मृण्मयीकडे आले. तिच्याही घशाला कोरड पडली होती.

"येते," ती म्हणाली. "लेप तयार ठेवा. आणि राजवैद्यांना बोलवा."

तात्पर्य : मुलांनो, भरपूर शिका, पण कामाला निघताना एक गाढव सोबत न्या. आणि वडीलधाऱ्यांचा मान राखा. त्यांच्या कातडीतून काही आत गेलं, हे त्यांना कधीही कळू देऊ नका.