माजी सरपंचांची दुसरी हातोडी

किसनआबा एसटीत चढतात तेव्हा आधी पिशवी चढते, मग आबा. पिशवीत दोन हातोड्या असतात. आमच्या भागातल्या कंडक्टरांना हे पाठ आहे, पण नवा कुणी आला की विचारतोच, "आजोबा, हात दोन म्हणून हातोड्या पण दोन का?"

"एक माझी. दुसरी दिलेली हाय."

कुणाला, ते सांगत नाहीत. दिलेली असूनही ती कायम त्यांच्याच पिशवीत असते.

पासली गावातल्या त्यांच्या दारावर 'माजी सरपंच' अशी पाटी आहे. आपल्याकडे पद गेल्यावर माणसाला दोनच उद्योग उरतात. टपरीवर बसून नव्या सरपंचाला शिव्या घालायच्या, नाहीतर लग्नपत्रिकेत आपलं नाव कितव्या ओळीत आलं यावरून रुसायचं. आबांनी काही दिवस दोन्ही केलं. मग एकदा भेळेच्या पुड्याच्या कागदावर त्यांना अमेरिकेचा एक माजी अध्यक्ष भेटला. डोक्यावर टोपी, कमरेला खिळ्यांची पिशवी, आणि चाललंय काय, तर कुणा गरिबाच्या घराच्या फळ्या ठोकणं.

"भेळ तशीच राह्यली," आबा सांगतात. "म्हणलं, एवढ्या मोठ्या मुलखाचा माजी खिळं ठोकतोय आन् म्या पासलीचा माजी भेळ खातोय!"

तेव्हापासून ते त्याला 'आमचे अध्यक्ष' म्हणतात. दोघंही माजी, म्हणजे नातं झालंच. तेलाचा डाग पडलेला तो फोटो प्लास्टिकमध्ये घालून आबांच्या खिशात असतो. दाखवताना एका बाजूला अंगठा घट्ट धरलेला.

मी कामथडीची. घरकुलांसाठी पत्रकं वाटते, मोर्चे काढते. आमच्या पत्रकांत अमेरिका हा शब्द शिवीसारखाच येतो, आणि देवाधर्माबद्दलही आम्ही फारसं गोड लिहीत नाही. त्यामुळे आबांशी माझं पहिलं भांडण ओळख होण्याआधीच झालं.

"आबा, तो सत्तेवर होता तेव्हाचं बोला की!"

"तवाचं तू बोल, पत्रकवाले. म्या पद गेल्यावरचं बोलतो. पद गेलं आन् गडी आपल्या गावी परत आला. जुन्याच घरात राह्यला. दर ऐतवारी देवळात लोकांना त्यांची पोथी समजून सांगायचा, आन् सोमवारी हातोडी. त्याचा देव त्याला सुट्टीच देत न्हाई!"

गावात कुजबुज झालीच. पारावर कुणीतरी विचारलं, "आबा, बाटलात काय?"

"म्या हाय तितंच हाय. त्याच्या देवानं सांगितलं म्हणून तो घरं बांधतो. आपल्या देवीनं नको म्हणलंय का? म्हणलं आसंल तर सांग, हातोडी ठेवतो."

विचारणारा पारावरून उठून गेला. मला मात्र त्या उत्तराचा राग बरेच दिवस पुरला.

एकदा मात्र ते वेगळ्या आवाजात बोलले. "आमच्या आईच्या पायातनं नारू निघाला हुता. काडीवर गुंडाळायचा, रोज थोडा थोडा. मधीच तुटला तर पाय गेला. म्या वाटी धरून बसायचो. आमच्या अध्यक्षानं परमुलखात जाऊन त्यो नारू पार संपवायला त्याची पाठ धरली, पोरी. त्याचा काय संबंध? त्याच्या आईला झालता का?"

मी पत्रकांचा गठ्ठा उगाच नीट केला.

तरी आमचं जमेना. एकदा एका कचेरीसमोर आमचं धरणं होतं. "घर हा हक्क आहे, उपकार नाही!" मी घसा फाडून ओरडत होते. आबाही आले होते, पण घोषणांत त्यांचा आवाज नव्हता. मागून ठाक ठाक येत होतं. वळून बघते, तर म्हाताऱ्या बायका जिथं ताटकळत उभ्या होत्या, तिथलं मोडकं बाकडं आबांनी उलटं करून दुरुस्तीला घेतलेलं. आमच्या घोषणेला त्यांच्या ठोक्याची लय बसली. बंदोबस्तावरचा शिपाई फळी धरून उभा.

"आबा! आपण सरकारच्या विरोधात आलोय!"

"व्हय की. पर बाकडं काय सरकार हाय का? बसा गं बायांनो, आता ऐसपैस बसून विरोध करा."

बायका बसल्या. धरणं संध्याकाळपर्यंत टिकलं. ते बाकड्यामुळे टिकलं, असं आबा अजून चारचौघांत सांगतात.

मागच्या वर्षी पासलीच्या वरच्या अंगाला धनगरांच्या एका वस्तीवर पत्रा बसवायला ते मला घेऊन गेले. "हक्क येईस्तवर पत्रा लावू. आला की काढू," ही त्यांची तडजोड. मी दुसरी हातोडी मागितली.

"दिलेली हाय."

"मग मी काय कपाळानं ठोकू?"

"दगुड घे. चांगला चपटा बघ."

दिवसभर दगडानं खिळे ठोकले. निम्मे वाकले. परत येताना पाऊस लागला, आणि मी इतकी फणफणत होते, की चहालासुद्धा नको म्हणाले. आबांनी तरी घरी नेलंच. आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर काय! पत्र्याला हे भोक. बरोबर चुलीच्या वर. खाली पातेलं ठेवलेलं, त्यात पाणी टपकतंय. आबांनी सहजपणे पातेलं रिकामं केलं, परत तिथंच ठेवलं आणि चहा ओसरीवरच्या स्टोव्हवर टाकला.

हौसाआजी, म्हणजे आबांची बायको, कात्रजला लेकाकडे राहते हे मला ठाऊक होतं. का राहते, ते शेजारणीनं कुडापलीकडून तत्परतेनं सांगितलं. "जगाची घरं शाकारत फिरताय आन् माझ्या चुलीवर पाणी, आसं म्हणून गेली. पत्रा बशीपर्यंत तोंड दावनार न्हाई म्हणली."

मी उसळलेच. "आबा, हा ढोंगीपणा आहे! वस्तीवर जाता, कचेरीचं बाकडं दुरुस्त करता, आणि घरच्या बाईची साधी एक मागणी? आमच्या पत्रकात तुमचं नाव छापीन!"

आबांनी खिशातून फोटो काढला. फळीवर ठेवला. पहिल्यांदाच अंगठा काढून. अध्यक्षांच्या शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. तिच्याही हातात हातोडी.

"बायकू हाय त्याची. सगळीकडं संगं," आबा म्हणाले. "आमच्या हिला कवा संगं न्हेलंच न्हाई. सरपंच हुतो तवा म्हणायचो, तू बस घरी. माजी झालो तरीबी एकलाच फिरलो. मग हातोडी इकत आणली तिच्यासाठी. तवर ती गेलीवती."

"मग पत्रा बसवा ना! बसला की येईल."

आबांनी पातेलं जरा सरकवून बरोबर थेंबाखाली ठेवलं.

"गळतंय तवर ती गळतीपायी गेलीय, पोरी. पत्रा बसवला आन् तरीबी न्हाई आली, तर?"

मी एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर भोकाचं माप लिहून घेतलं.

"आबा," मी म्हणाले, "तुमचे अध्यक्ष काय म्हणाले असते, मला ठाऊक नाही. मी पत्रा आणते."

पुढच्या ऐतवारी आम्ही तो बसवला. मला पुन्हा दगडच मिळाला. शेवटचा खिळा आबांनी निम्मा ठोकला आणि हात थांबवला. मग दुसरी हातोडी पिशवीतून काढून फडक्यानं पुसली, शिडीच्या वरच्या पायरीला टांगली आणि खाली उतरून मोबाईल माझ्यापुढे धरला. "तू लाव. स्पीकर टाक."

"कोन?" पलीकडून आवाज.

"म्या. पत्रा बसवला."

लेकाच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"तिरका बसला आसंल."

"आसंल." आबांनी वर शिडीकडे पाहिलं. "एक खिळा राह्यलाय."

टीव्ही बंद झाला.

"हात लावू नगा त्याला," हौसाआजी म्हणाल्या. "सकाळची एसटी किती वाजता सुटती?"