दांडीचा घेर तीन इंच

मास्तरांचं माप चुकत नाही, असं मास्तर स्वतःच सांगायचे. सत्तावीस वर्षं टेलरिंग केलेल्या माणसाला तेवढा अधिकार होताच. गिऱ्हाईक दुकानाच्या दारातून आत येईपर्यंत त्याची कंबर मास्तरांच्या डोळ्यांनी मोजून झालेली असायची. टेप लावायचा तो फक्त समोरच्याच्या समाधानासाठी. त्यामुळे गाडीचं काम निघालं तेव्हाही त्यांनी छाती फुगवून सांगितलं, "माप घेतलं की अर्धं काम झालं."

काम निघालं ते सासऱ्यांमुळे. सासरे चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या बसमध्ये माणसं उभ्या उभ्या झोपायची म्हणे. असा माणूस गेल्या वर्षी जावयाच्या गाडीत बसला आणि तिसऱ्या वळणावर दार उघडून रस्त्याच्या कडेला ओकला. गाडी जुनी होती, वळण आलं की एका अंगाला कलंडायची. सासऱ्यांनी रुमालाने तोंड पुसलं, उरलेलं अंतर पायी गेले आणि पुन्हा म्हणून त्या गाडीत बसले नाहीत.

इथवर हसण्यावारी नेता आलं. पण मागच्या महिन्यात सासरे बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि शेजाऱ्याला हाक ऐकू जाईपर्यंत दोन तास फरशीवर पडून राहिले. तेव्हापासून मास्तरांच्या बायकोचं कशात लक्ष लागेना. एका शर्टाला तिने सात काजं केली आणि सहा बटणं लावली. वडिलांनी आता आपल्याकडेच राहायला यावं, एवढंच तिचं म्हणणं. सासरे हटून बसले. भाड्याच्या गाडीतून यायला आपण पाहुणे नाही, आणि जावयाच्या गाडीत बसायला आपण वेडे नाही, असं त्यांचं उत्तर. फार मागे लागल्यावर त्यांनी अट घातली. बस शिकताना त्यांच्या उस्तादाने जी परीक्षा घेतली होती, तीच इथेही लागू. काठोकाठ भरलेला पेला त्यांच्या दारापासून मास्तरांच्या दारापर्यंत न सांडता आला, तर ते राहायला येतील.

"तेवढं करा," बायको मास्तरांना म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की मास्तर त्याच दुपारी गॅरेजमध्ये गेले.

गॅरेजवाल्याने त्यांना गाडीखाली वाकायला लावून एक दांडी दाखवली. दोन्ही चाकांना जोडणारी, वाकडी, गंजलेली लोखंडी दांडी. वळणावर गाडी एका बाजूला दबली की ही दांडी पीळ खाते आणि दुसऱ्या बाजूलाही धरून ठेवते, म्हणून गाडी कलंडत नाही. मास्तर ऐकतच राहिले. एवढ्या मोठ्या गाडीचा तोल एका दांडीवर! आयुष्यभर इस्त्रीच्या कडेवर जीव टाकणाऱ्या माणसाला ते फार सुंदर वाटलं. गॅरेजवाला म्हणाला, दांडी जाड घाला, ती भंगारात स्वस्त मिळेल. तिला धरणारे दोन रबरी बुश मात्र नवे घ्या, दांडीच्या जाडीचे.

भंगारातून दांडी मिळाली. मास्तरांनी तिच्याभोवती टेप फिरवला. बरोबर तीन इंच. टेप उलटा करून मिलिमीटर वाचले आणि गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात फोन लावला. शहात्तर! दुकानदाराने दोनदा विचारलं, गाडी कोणती, ट्रक आहे का. मास्तर म्हणाले, तुम्ही पाठवा, माप माझं आहे.

खोकं उघडलं तेव्हा बायको शेजारीच होती. बुशाच्या भोकातून मास्तरांचं मनगट सहज आरपार गेलं, वर दोन बोटं जागा उरली. तिने बुशाकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं.

"तुम्ही जाडी मोजलीत की घेर?"

"घेर. कमरेचं माप कोणी आरपार घेतं का?"

बोलता बोलताच मास्तरांच्या लक्षात आलं, पण तोंडातून शब्द गेला होता. बुश परत करणं शक्य नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या दुकानात असते तशीच 'माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी तिथेही होती. शिवाय परत करायचा म्हणजे माप चुकलं असं कबूल करायचं. गॅरेजवाल्याला दाखवायची तर सोयच नव्हती.

मग मास्तरांनी टेलरची अक्कल चालवली. कपडा ढगळ झाला तर आत घेतात. त्यांनी रबर कापलं, तासलं, आणि जी फट उरली ती भरायला दांडीवर बकरम गुंडाळलं. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते बकरम, पट्टीवर पट्टी, ताणून घट्ट. वर जुने क्लॅम्प आवळले. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर गाडी नेली, तर ती कलंडेचना. मास्तरांनी तेच वळण चार वेळा घेतलं आणि चारही वेळा स्वतःबद्दल आदराने गप्प झाले.

रविवारी सासऱ्यांना आणायला जायचं ठरलं. वडील यायचे म्हणून बायकोने सकाळीच गाडी धुऊन घेतली, वरून आणि खालूनही.

आता बकरम पाण्यात पडलं की त्याची खळ सुटते आणि ते फडक्यासारखं मऊ होतं, हे मास्तर अर्ध्या झोपेतही सांगतील. त्या सकाळी मात्र ते दाढी करत होते.

सासरे पुढे बसले, हातात काठोकाठ पेला. मागे बायको, मांडीवर त्यांची बॅग. पहिलं वळण झालं, पाणी हललंसुद्धा नाही. दुसऱ्याला सासऱ्यांनी जावयाकडे जरा मानाने पाहिलं. तिसऱ्या वळणावर गाडीखालून फर्रर्र आवाज आला, गाडी पहिल्यासारखी कलंडली आणि पेला सासऱ्यांच्या मांडीवर रिकामा झाला.

सगळे खाली उतरले. गाडीमागे पांढऱ्या पट्टीची भली लांब शेपटी पसरली होती. पिशवी घेऊन चाललेल्या एक बाई थांबल्या आणि चांगल्या मनाने म्हणाल्या, "अहो, तुमच्या गाडीची शिवण उसवलीय."

मास्तरांनी बकरम गोळा करून सवयीने हातावर गुंडाळलं. सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला घरी सोडा, ते म्हणाले. बायकोने मात्र बॅगेचा पट्टा सोडला नाही. तो पट्टा पाहून मास्तरांना राहवलं नाही.

"बाबा," ते म्हणाले, "माप चुकलं. माझंच."

सत्तावीस वर्षांत हे वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. सासऱ्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं, काठोकाठ, आणि तो जावयाच्या हातात दिला.

"किल्ली द्या, जावईबापू. तुम्ही तिकडे बसा. परत माझ्या दारापासून."

पुढे जे झालं ते मास्तर अजून हळू आवाजात सांगतात. म्हाताऱ्याने गाडी वळणावर आवरली नाही, वळणाच्या कितीतरी आधी आवरली. मग स्टिअरिंग असं फिरवलं, जणू झोपलेल्या मुलाची कूस बदलतोय. गाडी कलंडली, ती कलंडणारच होती, पण इतक्या सावकाश की पेल्यातलं पाणी काठापर्यंत आलं, थांबलं आणि मागे गेलं. अकरा वळणं झाली. एक थेंब सांडला नाही. आणि चालवणाऱ्याला मळमळलंही नाही. मागे बायको रडत होती आणि हसतही होती. मास्तर पेला धरून बसले होते, देवळात बसावं तसे.

पेला मास्तरांच्या दारापर्यंत आला, अट पुरी झाली. कोणी चालवायचं हे अटीत नव्हतंच.

महिन्याभराने मास्तर योग्य मापाचे बुश घेऊन आले, जाडी मोजून. सासऱ्यांनी ते हातात घेतले, छान आहेत म्हणाले आणि बटणांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिले.

"राहू देत. गाडी शहाणी झाली तर मला कोण विचारणार?"

ते बुश अजून तिथेच आहेत. गाडी सासरेच चालवतात, मुलगी पुढे बसते आणि मास्तर मागे, हातात तोच पेला घेऊन. मात्र आता तो रिकामा असतो. मागे बसलं की वळणावर मास्तरांना मळमळतं.