माया आढळून आल्यास

धाकटीचा प्रश्न साधा होता, म्हणूनच तिला वकिलाकडे जावं लागलं. वडील गेल्यावर घर आई, थोरला भाऊ आणि ती अशा तिघांच्या नावावर झालं. आईचं डावं अंग लुळं पडल्यावर धाकटीने चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली आणि औषधपाण्यात शिल्लकही संपवली. आता थोरल्याला घर विकून आईला शुश्रूषागृहात ठेवायचं होतं. आईला आपल्या खिडकीपाशीच राहायचं होतं. घराची विक्री थांबवता येईल का, एवढंच धाकटीला विचारायचं होतं.

वकीलसाहेबांनी विचारलं, "आईवर तुमची माया आहे?"

"म्हणजे काय, आहेच की."

"हे बाहेर कुठे बोलू नका." साहेबांनी उठून दार लावलं. "मायेने केलेली सेवा कायद्याच्या नजरेत भेट ठरते. भेटीचा मोबदला मागता येत नाही. तीच सेवा निर्विकार मनाने केली असेल, तर तिचा खर्च घरावर चढतो आणि तो फिटेपर्यंत घर विकता येत नाही."

"पण निर्विकार मनाने कोण कुणाचं अंथरूण बदलतं, साहेब?"

"तेच तर सिद्ध करायचंय."

तेव्हापासून घराला शिस्त लागली. आईचा उल्लेख 'सेवार्थी' असा होऊ लागला. वेणी घालताना गप्पा बंद झाल्या. उशी सरळ करायची, पण गालावरून हात फिरवायचा नाही; उशी ही सेवा आणि हात ही माया, असं वकीलसाहेबांनी स्पष्ट केलं होतं. या स्पष्टीकरणाची फी वेगळी होती. आई आधी रुसली, पण कारण कळल्यावर तिला चेव चढला. शेजारीण आली की ती आवाज चढवून म्हणे, "हा चहा आहे का गढूळ पाणी?" शेजारीण गेली की हळूच विचारी, "जमलं का गं?" धाकटी तोंड फिरवून हसे.

हसताना सापडलो तर दावा बुडेल, ही भीती होतीच. वकील थोरल्यालाही होता. एरवी वर्षवर्ष न फिरकणारा थोरला आता वेळी-अवेळी टपकू लागला, तोही फोनचा कॅमेरा सुरू ठेवूनच. एकदा आईला जोराचा ठसका लागला. धाकटी पाणी घेऊन धावली, थोरला चित्रीकरण करत राहिला.

"घाबरलीस तू," तो म्हणाला. "आलंय यात."

"दादा, ती गुदमरत होती रे."

"मी घाबरलो का?"

धाकटीने आईची पाठ चोळायला उचललेला हात मागे घेतला.

शेवटी प्रकरण स्नेहतपासणी अधिकाऱ्यांकडे गेलं आणि ते घरी आले. भला माणूस होता. त्यांनी आईला विचारलं, "सेवार्थी, ही बाई आपल्याला आवडते?"

"आवडायला आहे काय तिच्यात?" आई म्हणाली. "जेवण अळणी आणि जीभ तिखट."

अधिकारी समाधानाने लिहीत होते. धाकटी भिंतीला टेकून ठोकळ्यासारखी उभी होती. सगळं सुरळीत पार पडलं. अधिकारी पेन खिशात अडकवत उठले, आणि तेवढ्यात आईने रोजच्या सवयीने विचारलं, "तू जेवलीस का गं?"

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अधिकारी हळहळले, पण त्यांनी पेन पुन्हा काढलं. 'उभयपक्षी माया आढळून आली,' असा शेरा पडला आणि दावा फेटाळला गेला.

थोरल्याचीही रीतसर तपासणी झाली. आईची औषधं त्याला सांगता आली नाहीत. आईची खोली दाखवा म्हटल्यावर त्याने न्हाणीघराचं दार उघडलं. ज्याला मायेची बाधा नाही तोच निष्पक्ष निर्णय घेऊ शकतो, या तत्त्वानुसार घराचे सर्वाधिकार त्याला मिळाले. घर विकलं गेलं. शुश्रूषागृहात आईच्या वाट्याला भिंतीकडची खाट आली. धाकटी रोज जाते आणि आई रोज तोच प्रश्न विचारते. आता त्याला कोणाची हरकत नाही.

हे वाचून कुणाला स्वतःची काळजी वाटू लागली असेल, तर घाबरू नये. अधिकारी आपल्याकडे आले तरी फार खोलात शिरत नाहीत. आई कोणत्या गोळ्या घेते, तिला रात्री झोप लागते का, तिच्याजवळ शेवटचं कधी बसला होतात, इतकंच विचारतात. आपण सहज पास व्हाल.