कव्हरवरची पाठ

"सव्वीस फोटो काढलेस आणि सव्वीसच्या सव्वीस फोटोंत हा हसतोय! अरे, गाणी काय, याचं तोंड काय!" गाण्यांच्या कंपनीच्या साहेबांनी फोटोंचा गठ्ठा टेबलावर आपटला.

डिझायनर मान खाली घालून उभा राहिला. चूक त्या बिचाऱ्याची नव्हती. गायकाला लोक लाडानं 'बत्तिशी' म्हणत. वीस वर्षांत सात अल्बमच्या कव्हरांवर त्यानं दातच दाखवले होते, आणि ते चकचकीत करून दिले होते याच डिझायनरनं. आता बाजारात दुःखाला भाव आला, म्हणून आठवा अल्बम रडका. पण तोंड मिटेल तर शपथ! कांदा चिरून झाला, लाडका कुत्रा मेल्याची थाप मारून झाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण त्याखाली दात होतेच.

"उद्या दहाला कव्हर छापखान्यात. नाहीतर तू घरी," साहेब म्हणाले.

डिझायनर घरी आला तर बायको करवादलेली. "बाबा रोज दोन कप चहा मागून घेतात आणि एक फुकट घालवतात. तुम्ही बोलत का नाही?"

"चालायचंच. म्हातारं माणूस."

तीन वर्षं तो हेच म्हणत होता. आई गेल्यापासून बाबा खिडकीशी, खोलीकडे पाठ करून बसत. समोर आईची रिकामी खुर्ची. कुणाला कसला त्रास नाही. 'बाबांचं झकास चाललंय,' असं तो सगळ्यांना सांगायचा.

आज त्याची नजर त्या वाकलेल्या पाठीवर खिळली. पाठीला दात नसतात! त्यानं फोटोंसाठी आणलेलं बत्तिशीचं चमचमतं जाकीट बाबांच्या अंगावर चढवलं.

"बाबा, हलू नका हं."

"मी कुठं हलतोय?"

फोटोतल्या टकलावर जुन्या कव्हरवरचे कुरळे केस चिकटवले आणि दहाच्या ठोक्याला काम छापखान्यात पोचलं.

कव्हर पाहून लोक ढसाढसा रडले. एका समीक्षकानं नुसत्या पाठीवर तीन रकाने खरडले. कार्यक्रमात प्रेक्षक ओरडू लागले, "पाठ! पाठ!" बत्तिशी हौसेनं वळला. व्यायामानं कमावलेली पाठ ती, फळीसारखी ताठ! निम्मे लोक उठून गेले. मग वाकायचा सराव करता करता त्याच्या कमरेत उसण भरली.

शेवटी डिझायनरला खरं काय ते साहेबांना सांगावंच लागलं. दुसऱ्या दिवशी साहेब आणि कमरेला पट्टा बांधलेला बत्तिशी डिझायनरच्या घरी हजर झाले.

"काका, असं बसता कसं? मला शिकवा ना," बत्तिशी सगळे दात दाखवत म्हणाला.

"त्यात काय शिकायचंय?" बाबांनी मानही वळवली नाही. "दोन कप चहा घ्यायचा. एक आपण प्यायचा."

"आणि दुसरा?"

"आमची ही बसायची, त्या खुर्चीपुढं ठेवायचा. तो निवला की उठायचं."

बत्तिशीचे ओठ हळूहळू मिटले. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

"फोटो! अरे बघतोस काय, फोटो काढ!" साहेब किंचाळले.

डिझायनरनं कॅमेरा उचलला आणि तसाच खाली ठेवला. परक्या लोकांना कागदावर दिसलं, ते त्याला एका घरात राहून दिसलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तो वळसा घालून पलीकडे गेला आणि आईच्या खुर्चीत बाबांसमोर बसला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग सदऱ्याची वरची गुंडी लावत विचारलं, "काय रे, आता पुढूनही पाहिजे का?"